रावजींचा पडद्यावरचा रेडिओ

रावजी गाणेकरांचे कान एकदम गेले नाहीत. आधी बारीक, उंच आवाज गेले. परसातल्या चिमण्या दिसायच्या, पण त्यांचा चिवचिवाट यायचा नाही. मग कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली. दोनदा डाळ करपली, तेव्हा मनुबाईंनी नवऱ्याच्या भरवशावर गॅस ठेवून बाहेर जायचं सोडलं. सत्तरी उलटली तोवर अशी गत झाली की समोरचा माणूस अगदी तोंडापुढे उभा राहून सावकाश बोलला, तरच काही हाती लागे. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी कानाला यंत्र दिलं होतं. ते घातलं की भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर आणि माणसांचं बोलणं सगळं एकाच टोपलीतून डोक्यावर ओतल्यासारखं पडे. रावजींनी ते डबीत घालून कपाटात ठेवून दिलं.

दुसऱ्या कुणाचे कान गेले असते तर वाडीतल्या लोकांनी चार दिवस हळहळून विषय सोडला असता. म्हातारपणी असं व्हायचंच. पण रावजींचं सगळं आयुष्य कानांवर उभं होतं, आणि हे वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

दिघीच्या वाटेवर डोंगराच्या कुशीत त्यांची वाडी आहे. सगळी भातशेती करणारी घरं, आणि प्रत्येक घरातलं एक तरी माणूस मुंबईला. रावजींचे चुलते मुंबईच्या गोदीत हमाली करत. जहाजांवरून उतरणारे इस्त्रीच्या कपड्यांतले लोक ते रोज बघत. त्यांतला एक शांत, चष्मेवाला माणूस त्यांच्या मनात भरला. तो जहाजावरच्या वायरलेसचा साहेब आहे असं कळल्यावर चुलत्यांनी मॅट्रिक झालेल्या पुतण्याला उचललं आणि वायरलेसच्या शाळेत नेऊन घातलं.

तिथे मोर्स शिकवत. प्रत्येक अक्षराचे लहान-मोठे ठोके. बाकीची मुलं कागदावर ठिपके आणि रेघा काढून पाठांतर करत बसली. रावजींनी तसं केलं नाही. ते शिमग्यात ढोल वाजवणारे. त्यांनी प्रत्येक अक्षराची चाल धरली. अक्षरं दिसायच्या आधीच त्यांना ती ऐकू यायला लागली, आणि मग शब्दच्या शब्द ऐकू यायला लागले. सुट्टीवर वाडीत आले की बोटं स्वस्थ बसत नसत. पाण्याच्या तांब्यावर, चौकटीवर, बैलगाडीच्या दांडीवर त्यांची टकटक चाले. वाडीनं त्यांचं नाव टकटक रावजी ठेवलं, आणि ते कायमचं चिकटलं.

शिकून झाल्यावर ते मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून चढले आणि पुढची वीसेक वर्षं उतरले ते फक्त सुट्टीपुरते. कॅप्टन जिथून जहाज चालवतो त्या ब्रिजमागे त्यांची खोली असे. एक टेबल, जमिनीला स्क्रूनं घट्ट बसवलेली खुर्ची, भिंतभर यंत्रं. बाहेर कोसच्या कोस पाण्याशिवाय काही नाही. पण हेडफोन कानाला लावला की हवा माणसांनी गच्च भरलेली. कुणी हवामान सांगतंय, कुणी बंदरात जागा मागतंय, कुणी उगाच चौकशी करतंय. पाचशे किलोहर्ट्झ हा त्या सगळ्यांचा चव्हाटा. तासातून दोनदा तीन-तीन मिनिटं सगळ्यांनी चूप बसायचा नियम होता. कुणी संकटात असेल तर त्याची बारीक हाक ऐकू यावी म्हणून. रावजींना ती शांतता फार आवडे. जगभरची माणसं एकदम गप्प होऊन एकाच दिशेनं कान लावून बसलेली, हे त्यांना मनोमन दिसायचं.

ठोक्यांवरून माणूस ओळखू येई. कुणाचा हात घाईचा, कुणाचा ऐटबाज, कुणी शेवटची रेघ उगाच लांबवणारा. मुंबई रेडिओवर एक ऑपरेटर होता, त्याचा हात इतका मऊ की रावजी त्याला मनातल्या मनात लोणी म्हणत. त्याचं खरं नाव त्यांना कधी कळलं नाही. एकदा जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याला असताना या लोण्यानं तारा द्यायला सुरुवात केली. रावजी नेहमीसारखे एकेक अक्षर टाइप करत गेले. मुलगी झाली, दोघी सुखरूप. टाइप करून झाल्यावर खाली नाव लिहिताना त्यांच्या लक्षात आलं की तार त्यांचीच आहे. तिकडून लोण्यानं नियमात न बसणारं एक अक्षर जास्तीचं वाजवलं, हसल्यासारखं. ती मुलगी म्हणजे मृणाल.

मग उपग्रह आले. जहाजांना वायरलेसच्या साहेबाची गरज उरली नाही. ज्या वर्षी शेवटचं जहाज सोडलं, त्या वर्षी रावजींनी बोर्ली पंचतनच्या बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. दिघी, भरडखोल, दिवेआगरपर्यंतच्या होड्यांवरचे वायरलेस सेटही त्यांच्याकडेच येत. दुकान बरं चाललं. पण घरोघरी मोबाईल आले, रेडिओ मागे पडले, टीव्ही बिघडला तर लोक नवा आणू लागले, आणि त्याच सुमाराला कानांनी दगा द्यायला सुरुवात केली. सेट दुरुस्त झाला की नाही हे गिऱ्हाइकाला विचारायची पाळी आली, तेव्हा रावजींनी शटर खाली ओढलं.

त्यानंतर ते फार बोलेनासे झाले. अंगणात बसत, सुपारी कातरत. बोटांची टकटकही थांबली होती. मनुबाई कधीकधी म्हणत, "अवो, पूर्वी त्या टकटकीचा राग यायचा मला. आता घर कसं मुकं वाटतंय." पण ते त्यांना ऐकू जात नसे.

गेल्या वर्षी शिमग्याला मृणाल घरी आली ती जरा राहायच्या तयारीनंच. ती पनवेलजवळच्या एका कंपनीत लिफ्टची सर्किटं तपासते. काही आठवडे घरून काम करायची मुभा तिनं मागून घेतली होती. बोर्लीच्या दुकानाचा गाळा मालकाला पाडून नवा बांधायचा होता, तेव्हा आतलं सामान हलवणं भाग होतं. बापलेक दोघं जाऊन शटर वर केलं. धूळ, गंजलेले स्पीकर, कुणी न नेलेले रेडिओ. भंगारात टाकायच्या एका पत्र्याच्या डब्यात मृणालला बोटाएवढी काळी वस्तू सापडली. लॅपटॉपला लावून टीव्ही बघायची कांडी. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला अँटेनाचं भोक.

वडिलांशी बोलायची तिची एक रीत होती. मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि पडदा त्यांच्यापुढे धरायचा. तिनं लिहिलं, "ही कुणाची?"

रावजींनी कांडी हातात घेऊन उलटसुलट केली. "असंल कुणाचीतरी. क्रिकेटसाठी आणली होती लोकांनी. इकडं चित्र कधी लागलंच नाही. फेक."

मृणालनं फेकली नाही. तिच्या कंपनीतल्या एका मित्राला असल्या गोष्टींचा नाद होता. त्याच्याकडून तिनं ऐकलं होतं की या स्वस्त कांड्यांच्या पोटातली चिप टीव्हीपुरती नसते. योग्य प्रोग्राम घातला तर ती हवेतला रेडिओलहरींचा जवळजवळ कुठलाही पट्टा उचलून लॅपटॉपला देते. मग लॅपटॉप तो ऐकवू शकतो. आणि दाखवूही शकतो.

दाखवू शकतो, एवढ्याच गोष्टीसाठी तिनं ती कांडी पर्समध्ये टाकली.

घरी आल्यावर ओटीवर लॅपटॉप मांडला. प्रोग्राम उतरवायला नेटवर्कनं निम्मी दुपार खाल्ली. अँटेना म्हणून तांब्याची तार आंब्याच्या फांदीवरून खाली सोडली. ती तार कुठून तोडायची हे रावजींनीच सांगितलं, तेही काहीशा अनिच्छेनं, मुलीचं मन राखायला. मग मृणालनं बटण दाबलं.

पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर गवतासारखी थरथरणारी एक रेघ उमटली. खालच्या भागात निळसर रंगाचा पडदा वरून खाली सरकू लागला. तिनं एफएमच्या पट्ट्यावर नेलं. गवतातून ठिकठिकाणी उंच खांब उभे राहिले, आणि खाली सरकणाऱ्या निळ्यात पिवळे पट्टे उमटले.

रावजी पुढे वाकले.

"ही स्टेशनं?" त्यांनी विचारलं.

मृणालनं मान हलवली.

"हा मोठा कोण? मुंबई?" त्यांनी बोट ठेवलं. "आणि हा बारीक, मधेच बुडतोय तो लांबचा असणार." ते अचानक उठून उभे राहिले. "मृणाल, हे यंत्र मी बघितलंय गं. जपानच्या गोदीत. आमच्या जहाजाचा ट्रान्समीटर तपासायला आणलं होतं. स्पेक्ट्रम ॲनालायझर. कपाटाएवढं होतं. चाकांच्या गाडीवरून ढकलत आणलं होतं दोघांनी, आणि मला हात लावू दिला नाही! लांबून बघ म्हणाले." ते त्या बोटाएवढ्या कांडीकडे बघून हसायला लागले. "आणि हे माझ्याच डब्यात पडून होतं."

मनुबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काय झालं? कसले हसतायत?"

"बाबांना हवा दिसतेय, आई," मृणाल म्हणाली.

"हवा दिसतेय? बरी हाय ना तब्येत?"

त्या दिवसापासून रावजींचा मुक्काम ओटीवर. मृणालचं ऑफिस संपलं की लॅपटॉप त्यांचा. विमानांच्या पट्ट्यावर गेले की क्षणभर एक खांब उठे आणि विरे; वर बघावं तर आभाळात खरंच एक पांढरी रेघ जात असे. जहाजांच्या पट्ट्यावर छोटे छोटे ठिपके टिपटिपत. प्रत्येक ठिपका म्हणजे एकेक जहाज आपलं नाव-गाव आपोआप सांगतंय, असं मृणालनं लिहून दाखवलं. रावजी ते ठिपके एकटक बघत. "आपोआप?" ते म्हणाले. "आत माणूस नाही?" आणि मग जरा थांबून, "तरी बरं. आहेत अजून."

पण त्यांना खाली जायचं होतं, जुन्या लांब लहरींवर. कांडी तिथवर पोहोचत नव्हती. मृणालच्या मित्रानं उपाय सांगितला: कांडी उघडायची आणि चिपच्या दोन पायांना केसाएवढ्या तारा जोडायच्या. पाय इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. मृणालनं दोन दिवस ते टाळलं. तिला स्वतःच्या हाताचा भरवसा वाटेना.

"दे इकडे," रावजी म्हणाले.

त्यांचा हात आता थरथरे. मनुबाईंनी चहाची कपबशी द्यायचं बंद करून स्टीलचा पेला सुरू केला होता. पण रावजींनी मनगट टेबलाच्या कडेवर टेकवलं, कोपर बरगडीला घट्ट लावलं, आणि श्वास सोडून मध्येच धरला. जहाज डोलत असताना ते असंच सोल्डरिंगचे डाग देत. जुन्या हेडफोनमधून काढलेली तार, मृणालनं वर धरलेलं भिंग. पहिला डाग बिघडला. तो त्यांनी निगुतीनं काढला. दुसऱ्यांदा तार नीट बसली, आणि मग दुसरीही. मृणालनं भिंग खाली ठेवलं तेव्हा तिच्याच हाताला घाम आला होता.

दिवेलागणीला त्यांनी प्रोग्राम चालू केला. रावजींनी स्वतः आकडा घातला. पाचशे.

तिथे काही नव्हतं. वरच्या बाजूला आकाशवाणीचे खांब ठाम उभे होते, पण पाचशेच्या जागी नुसतं गवत. रावजींना हे माहीत होतं. तो चव्हाटा उठून पाव शतक झालं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी ते बघत राहिले. मृणालला वाटलं, आपण उगाच या भानगडीत पडलो. तिनं मोबाईलवर लिहिलं, "वाईट वाटलं?"

"नाही गं," ते म्हणाले. "मोकळं मैदान असतं ना जत्रेनंतरचं, तसं वाटतंय. इथं कुणाचं काय दुकान होतं, सगळं आठवतंय." मग त्यांनी त्या काळ्या पडद्यावर बोट फिरवत सांगायला सुरुवात केली. इथं एडनवाला असे, तो कायम चिडलेला. इथं सिंगापूर. एका ग्रीक जहाजावरचा म्हातारा रोज सगळ्यांना शुभ रात्री म्हणून मगच झोपे. आणि मुंबईचा लोणी. मृणालच्या जन्माची तार त्यानं कशी वाजवली, हे त्यांनी तिला आजवर कधी सांगितलं नव्हतं. घरात सगळे धरून चालले होते की सांगितलं असेल. त्यांनी ती तार टेबलावर बोटानं जशीच्या तशी वाजवून दाखवली, शेवटच्या जास्तीच्या अक्षरासकट. दारात उभ्या असलेल्या मनुबाई ते ऐकत होत्या. कित्येक वर्षांनी घरात टकटक झाली होती.

मग ते वर सरकले, हौसेखातर घरून वायरलेस चालवणाऱ्या लोकांच्या पट्ट्यावर. निळ्या पडद्यात एका बारीक उभ्या रेषेत लहान-मोठे तुकडे खाली ओघळत होते. लहान, लांब, लहान, लांब.

रावजींचा हात हवेतच थांबला.

"मृणाल, हे मोर्स आहे."

सुरुवातीला त्यांना वाचता येईना. आयुष्यभर त्यांनी कधी मोर्स डोळ्यांनी वाचलं नव्हतं. तुकडे भराभर निसटून जात. मग ते डोळे बारीक करून तोंडातल्या तोंडात गुणगुणायला लागले. तुकडा दिसला की तसाच आवाज काढायचा, लहानाला लहान, लांबाला लांब. आपलाच आवाज डोक्यात घुमायला लागला आणि एकदम अक्षरं उलगडली.

"कुणी आहे का, कुणी आहे का, असं विचारतोय," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "सिलोनचा आहे. श्रीलंकेचा. हातानं वाजवतोय बघ, मशीन नाही. ही रेघ बघ, ही तिच्यापेक्षा लांब. म्हातारा असणार माझ्यासारखा." आणि मग त्यांना पुढचं दिसेना. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, पण पडद्यावरून नजर काढली नाही.

मनुबाई आत जाऊन भाताखालचा गॅस बंद करून आल्या आणि त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

यानंतर काही दिवसांनी, सकाळची कामं आटोपत असताना, दिघीचा चंदर मोटरसायकलवरून वाडीत आला. चंदर तांडेल, स्वतःची होडी असलेला. पूर्वी वायरलेस सेट घेऊन तो बोर्लीच्या दुकानात नेहमी येई. मृणालनं बोर्लीतलं सामान हलवताना रावजींच्या कांडीची गोष्ट दोघाचौघांना सांगितली होती, ती त्याच्या कानावर गेली होती.

"काका हायत?" त्यानं मृणालला विचारलं. "सकाळपासून आमचा वायरलेस बंद पडल्यासारखा झालाय. एकाचा न्हाय, सगळ्यांचा. चालू केला की नुसता घूं आवाज. कुणाचंच बोलणं पुढं जात न्हाय. आणि माझा मेव्हणा निकेश काल गेलाय बाहेर. पहाटेच्या भरतीला यायला पायजे होता. मोबाईल तिकडं लागत न्हाय."

मृणालनं भराभरा लिहून वडिलांना दाखवलं. रावजींनी वाचलं आणि ताबडतोब विचारलं, "नुसता घूं? मध्ये दुसरं काही येतं का? नीट आठव."

चंदरनं विचार केला. "कधीमधी खसखस होते. आणि हां, एकदा कावळा ओरडला. आम्ही हसलो त्याला."

मृणालनं तेही लिहिलं. रावजी उठलेच. "कुणाच्यातरी सेटचं बोलायचं बटण दाबून राहिलंय. तो सेट बोलतच सुटलाय, म्हणून बाकीच्यांना तोंड उघडता येत नाही. आणि कावळा आहे म्हणजे होडी समुद्रात नाही, किनाऱ्याला आहे. चल."

"अवो, खाऊन तरी जा," मनुबाई म्हणाल्या, पण तोवर ते चंदरच्या मागे बसले होते. मृणाल लॅपटॉप घेऊन स्कूटीवरून निघाली.

दिघीला जेट्टीवर बरीच माणसं जमली होती. बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या, आगरदांड्याची फेरी नुकतीच सुटली होती. मृणालनं मासळीच्या उलट्या क्रेटवर लॅपटॉप ठेवला. होड्यांच्या पट्ट्यावर गेल्याबरोबर दिसलं: एक जाड, भगभगीत रेघ, न हलता, न तुटता वरून खाली उतरत होती. आजूबाजूला सगळं मोकळं.

"हाच," रावजी म्हणाले.

आता तो कुठे आहे ते शोधायचं होतं. रावजींनी कांडीची लांब वायरची छोटी अँटेना हातात घेतली, छातीशी घट्ट धरली आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरायला लागले. जमलेल्या लोकांना ते विचित्र वाटलं असणार. पण मृणालला पडद्यावर दिसत होतं, की रावजींचं अंग मध्ये आलं की रेघ फिकी होते. रेघ फिकी झाली की मृणाल हात वर करी. रावजींची पाठ ज्या दिशेला, तिकडे तो सेट. पाठ खाडीच्या आतल्या अंगाला होती, जिथे होड्या दुरुस्तीला वर काढतात.

चिखलाच्या कडेकडेनं ते निघाले. पुढे रावजी, मागे लॅपटॉप पोटाशी धरून मृणाल, बाजूनं चंदर. जवळ जावं तशी रेघ इतकी फुगली की सगळा पडदाच पिवळा झाला. फिरलं तरी फरक कळेना. मृणाल थबकली. रावजींनी अँटेना उपटून तिच्या हाती दिली आणि लॅपटॉपला लावलेली नुसती कांडी पुढे वळवली. रेघ पुन्हा बारीक झाली, आणि पुन्हा वाढत गेली. दोन होड्या सोडून तिसरी. हिरव्या रंगाची, खालून नुकताच रंग लावलेली.

"ही विनेशची," चंदर म्हणाला. "तो लग्नाला ठाण्याला गेलाय." त्यानं फोन लावला. विनेश गोंधळला. बॅटरी चार्जिंगला लावून गेलो एवढंच त्याला माहीत. केबिनला कडी आहे, कुलूप नाही, उघड आणि बघ, म्हणाला.

चंदर वर चढला. रंगाऱ्यांनी आतलं सामान हलवताना सेटचा माइक खाली पडला होता आणि भरलेल्या क्रेटच्या आणि फळीच्या मध्ये चेपला होता. चंदरनं क्रेट ओढला, माइक सोडवला. खाली मृणालच्या पडद्यावरची जाड रेघ एकाएकी तुटली आणि निळं मोकळं झालं.

"गेली!" ती ओरडली.

रावजी मात्र हलले नाहीत. त्यांनी तिच्या हातातून अँटेना घेऊन पुन्हा जोडली आणि लॅपटॉप आपल्याकडे वळवला. मोकळ्या निळ्यात, ती रेघ होती त्याच जागी, एक अगदी पुसट, तुटक दोरा दिसत होता. थोडा उमटे, मग नाही. पुन्हा थोडा.

"कुणीतरी बोलतंय," ते म्हणाले. "लांबून. चंदर, आवाज वाढव!"

चंदरनं विनेशच्याच सेटचा आवाज वाढवला. खरखरीतून निकेशचा आवाज आला, थकलेला, तेच तेच बोलत असलेला. होडीच्या इंजिनाच्या पंख्यात दोर अडकला होता. तो काढताना त्याच्या खलाशाचा, स्वराजचा, हात सापडला होता. फडकं बांधलं होतं, पण रक्त थांबत नव्हतं. नांगर धरत नव्हता आणि होडी दक्षिणेला सरकत होती.

"निकेश, ऐकतोय रे!" चंदर ओरडला. "आलो. कुठं हाय ते सांग."

पुढची धावपळ कोळ्यांची. दोन होड्या तशाच सुटल्या. रावजी आणि मृणाल जेट्टीवर बसून राहिले. मृणाल ऐकेल ते लिहून दाखवी, आणि लिहायच्या आधीच रावजी पुष्कळदा सांगत, "आता चंदर बोलतोय. आता निकेश, त्याची बॅटरी उतरायला लागलीय." प्रत्येकाची रेघ त्यांना वेगळी ओळखू येत होती. दुपार कलताना होड्या परतल्या, मागे निकेशची होडी दोरावर. स्वराजला गाडीत घालून थेट दवाखान्यात नेलं. त्याची दोन बोटं वाचली नाहीत. हात वाचला. शोधायला होड्या गेल्याच असत्या, पण कुठल्या बाजूला जायचं ते कुणाला कळलं नसतं, असं चंदर नंतर सगळ्यांना सांगत असे.

निकेश किनाऱ्याला उतरला तो सरळ रावजींकडे आला. तो काही बोलत होता, आणि रावजींना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. "दिसलास," ते म्हणाले. "बारीक होतास, पण दिसलास."

मृणालची घरून काम करायची मुभा संपली आणि ती पनवेलला गेली. जाताना तिनं आपला जुना लॅपटॉप दुरुस्त करून वडिलांसाठी ठेवला. रावजी आता दुपारी चहानंतर तो उघडतात. श्रीलंकेचा म्हातारा रोज येत नाही. आला नाही की रावजींना चुटपुट लागते, आणि आला की ते मनुबाईंना हाक मारून सांगतात, त्याच्याकडे पाऊस पडतोय, त्याच्या मुलीकडे बाळ झालंय. त्यांना उलट काही बोलता येत नाही. त्यासाठी परवाना लागतो, परीक्षा द्यावी लागते. मृणालनं परीक्षेची माहिती पाठवली आहे. रावजी म्हणतात, या वयात काय परीक्षा. पण मनुबाईंनी परवा फोनवर मुलीला हळूच सांगितलं, "पुस्तकं मागवून ठेव गं. नको म्हणतायत, पण सकाळपासून तांब्यावर बोटं चालू हायत त्यांची. त्या नादात काल दूध फ्रिजात ठेवायचं विसरले, नासलं, तरी मी काय बोलले न्हाय."